ब्रेक नसलेली गाडी

रांझीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेल्या टिकारामनं आयुष्यभर मोटरसायकल चालवली होती. त्यामुळे बरगी धरणावर जेट स्कीवर, पाण्यावर चालणाऱ्या मोटरसायकलसारख्या गाडीवर, बसताना त्यानं गाइडचं बोलणं ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं. मागे बसलेल्या बायकोनं, सुमनबाईंनी, मात्र ते कान देऊन ऐकलं.

गाइड आपल्या गाडीवर पुढे, ही दोघं मागे, अशी काठाकाठानं सहल निघाली. एका वळणावर अचानक पाण्यातून वर आलेला खडक दिसला. टिकारामनं सवयीनं रेस सोडली आणि पायानं ब्रेक शोधला. ब्रेक नव्हताच. हँडल वळवलं, तरी गाडी सरळ खडकाकडेच चालली.

"अहो, रेस काहून सोडली? रेस द्या, तेव्हाच वळते ही!" सुमनबाई ओरडल्या.

त्यानं रेस दिली. गाडी वळली आणि खडक हातभर अंतरावरून मागे गेला.

गाइड परत आला. "दादा, ठीक हो ना?"

"ठीक है," टिकाराम म्हणाला. गाइड पुढे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "परतताना तूच चालव."

"मी नाही," सुमनबाई म्हणाल्या. "चालवा तुम्हीच. मी सांगत जाते."

काठापर्यंत त्या सांगत गेल्या, आणि त्यानं मुकाट्यानं ऐकलं.