कामावर जाणारा बेकार

छापखाना बंद पडला त्या दिवशी बाइंडरने घरी येऊन बायकोला सांगितलं, आणि बाहेर कुणाला कळता कामा नये, हेही सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्या-दोन महिन्यांत दुसरं काम मिळेलच, मग चारचौघांत बोभाटा कशाला? बायको शिवणकाम करायची, तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती म्हणाली, "तुमची मूठ, तुम्ही झाका. हात दुखायला लागला की सांगा म्हणजे झालं."

मग ते रोजचंच होऊन बसलं. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. जिना उतरला की तळमजल्यावरच्या काकू कुंड्यांना पाणी घालत उभ्या. "निघालात का?" "निघालो." संध्याकाळी "आलात का?" "आलो." असं करता करता वर्ष उलटलं, मग दुसरंही उलटलं. पुस्तकं हाताने शिवणारा माणूस आता कुणालाच नको होता. जिथे जावं तिथे सांगत, सगळं मशीनवर होतं, आणि मशीनवर बसायचं तुमचं वय राहिलं नाही. वयाचं काय आहे, कामाची वाट बघत बसलं तरी ते थांबत नाही.

पण काम शोधून झाल्यावर उरलेला दिवस काढायचा कुठे? बेकार माणसाला नुसतं बसायला जगात जागा नसते, हे नोकरी असेपर्यंत कळत नाही. बागेत बसलं की माळी निरखून बघतो. वाचनालयात डुलकी लागली की कुणीतरी खांदा हलवतं. हॉटेलात बसायचं तर काहीतरी मागवायला लागतं. शेवटी बाइंडरला सापडली ती सरकारी रोजगार कचेरी. तिथे नोकरीची चौकशी करायला म्हणून तो गेला, आणि खालच्या हॉलमधल्या खिडकीशेजारच्या बाकावर टेकला. डोक्यावर पंखा, कोपऱ्यात गार पाणी, कालचा का होईना पण पेपर. आणि इथे का बसलात, असं विचारणारं कुणी नाही, कारण सगळेच बसलेले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. मग सकाळपासूनच जायला लागला.

गंमत अशी की त्याच्या डोक्यावरच भिंतीला पाटी होती, बेकार भत्त्याचे अर्ज येथे मिळतील. दीड-दोन वर्षं हा गृहस्थ त्या पाटीखाली डबा खात होता, आणि अर्ज काही करत नव्हता. भत्ता घेतला की आपण बेकार आहोत हे कागदावर येणार, आणि कागदावरचं लोकांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो?

शिल्लक संपली तेव्हा नाइलाज झाला. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. फी भरली नाही तर इतक्या वर्षांचं शिकणं पाण्यात. बायकोने कात्री टेबलावर आपटली आणि म्हणाली, "अर्ज करताय, की मी गच्चीवरून ओरडू?"

त्याने अर्ज केला. पुढचं सांगायचं तर एक वेगळी गोष्ट होईल. कधी फोटो लहान, कधी सही मोठी. छापखाना बंद झाल्याचा दाखला आणा म्हणे, मालकाच्या सहीचा. मालक तर छापखान्याच्या आधीच बंद झालेला, त्याचा पत्ता कुणालाच नाही. हेलपाटे घालून घालून चपलेचा अंगठा तुटला. शेवटी सगळं जमलं. एकदा घरी चौकशी होईल, मग भत्ता सुरू, असं सांगितलं गेलं.

आणि निकाल आला: नामंजूर. अर्जदार नियमितपणे नोकरीवर जात असल्याचे शेजाऱ्यांकडील चौकशीत आढळले.

बाइंडरने कागद बायकोपुढे धरला. तिने तो दोनदा वाचला. "नोकरी आहे म्हणतात तुम्हाला. मग पगार कुठे जातो, तेही विचारून या," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

दोघं तडक काकूंच्या दारात गेले. काकूंना सगळं आठवत होतं.

"हो, आला होता ना एक जण. हातात फाईल, तोंड आंबट. म्हणाला, बाइंडर कामाला जातात का? मी म्हटलं, जातात म्हणजे? त्यांच्यावर घड्याळ लावून घ्या! पगार वेळच्या वेळी, मालकाची मर्जी, आता बढतीही मिळायची आहे."

"बढती?" बाइंडरचा आवाज चिरकला.

"बोलण्याच्या ओघात निघून गेलं हो."

वरच्या मजल्यावरचा प्लंबर जिन्यात थबकला होता. तो म्हणाला, "मला पण विचारलं त्याने. मी सांगितलं, दादांच्या हाताखाली दोन माणसं आहेत."

यात दोघांचा दोष म्हणावा तर नव्हता. त्या इमारतीत हातात फाईल घेऊन येणारा माणूस दोनच प्रकारचा असे. एक तर घरमालकाचा, कोणाचं भाडं थकणार आहे याचा वास घेणारा, नाहीतर हप्ते वसूल करणारा. म्हणून एक रीत पडून गेली होती. ती कुणी घातली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती. बाहेरच्याने शेजाऱ्याबद्दल विचारलं तर शेजारी मजेत आहे. फारच खोदून विचारलं तर शेजारी गावाला गेलाय. खुद्द बाइंडरने एकदा वसुलीवाल्याला प्लंबर परदेशी गेल्याचं छातीठोक सांगितलं होतं, आणि प्लंबर तेव्हा त्याच जिन्याखाली नळ आवळत बसला होता. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

दोन वर्षं जे वाक्य बाइंडरने तोंडाबाहेर येऊ दिलं नव्हतं, ते आता बोलणं भाग होतं.

"काकू, मी कामावर जात नाही. छापखाना केव्हाच बंद पडलाय."

काकूंनी पाण्याचा मग खाली ठेवला. "ते माहीत आहे आम्हाला."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. तुम्ही कामावरून आलात की जिनाभर सरसाचा वास यायचा. तो यायचा थांबला. चिकट हातांनी कठडा धरायचात, मी रोज पुसत होते. पुसायचं काम संपलं माझं."

"मग रोज 'निघालात का' म्हणून विचारत होतात ते?"

"मग काय विचारू? माणूस शर्टाला इस्त्री करून उतरतोय. त्या इस्त्रीचा मान ठेवायला नको?"

बाइंडरला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग कुठेतरी आत, फार दिवसांची घट्ट गाठ सैल झाल्यासारखं वाटलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे घर पार फिरलं होतं आणि वासे मात्र पाय रोवून जागच्या जागी उभे होते. त्याला भडभडून आलं. तो नाक शिंकरायला वळला, तर प्लंबर म्हणाला, "दादा, रडा नंतर. साहेबाकडे कधी जायचं ते सांगा."

कारण एक फेरतपासणी मागता येत होती. ती फेटाळली की वर्षभर अर्जाचं नाव काढायचं नाही. म्हणजे मुलीची फी गेली, वर्ष गेलं.

फेरतपासणीच्या दिवशी चौघं वरच्या मजल्यावर साहेबांसमोर उभे राहिले. साहेब जाड चष्म्याचे. फाईलमधून मान वर न काढता त्यांनी विचारलं, "काय म्हणणं आहे?"

"चौकशीत मी खोटं बोलले," काकू म्हणाल्या.

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तेव्हा."

"कशावरून?"

"अहो, गुडघे धरून एवढे जिने चढून आलेय मी. खोटं बोलायला मी जिने चढत नाही. ते मी दारातूनच बोलते."

साहेबांना हसू येत होतं, पण त्यांनी ते चष्म्यामागे दाबलं. "आजी, तुमचं पटतंय हो. पण कागदावर काय लिहू? हे रोज सकाळी डबा घेऊन जातात आणि संध्याकाळी येतात, एवढं तर खरं ना? मग दिवसभर हे असतात कुठे?"

सगळ्यांनी बाइंडरकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं, कारण तिलाही तो नेहमी एवढंच सांगे, काम शोधत फिरतो. बाइंडरने पिशवीचा बंद मुठीत आवळला. त्याला वाटलं, भत्ता गेला तरी चालेल, पण हे नको. मग डोळ्यांसमोर पोरगी आली.

"इथे," तो म्हणाला.

"इथे म्हणजे कुठे?"

"खाली. तुमच्या हॉलमध्ये. खिडकीशेजारच्या बाकावर."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अरे! तुम्ही ते? अहो, मला वाटत होतं तुम्ही आमच्या हिशेब विभागातले! मी रोज सकाळी नमस्कार करतो तुम्हाला!"

"मीही करतो ना, साहेब."

साहेबांनी खालच्या वॉचमनला बोलावलं. भरघोस मिशांचा तो माणूस आत आला, बाइंडरला पाहून सवयीने सलाम ठोकला, आणि मग साहेबांना ठोकला.

"यांना ओळखता?"

"म्हणजे काय? आपलेच आहेत ना, साहेब? सगळ्यांच्या आधी येतात, सगळ्यांच्या नंतर जातात. मी तर नव्या शिपायाला सांगत असतो, नोकरी करावी तर अशी."

आता साहेबांनाही राहवलं नाही. ते हसले, काकू हसल्या, प्लंबर तर भिंतीला टेकून हसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. ज्याच्या बेकारीचा पुरावा शोधायला कचेरीने माणूस घरी धाडला, तो कचेरीतच बसलेला होता.

साहेबांनी सही केली. मग अवघडून म्हणाले, "भत्ता फार नाही हो. आणि दर महिन्याला इथे हजेरी लावावी लागेल. अर्थात, हजेरीचं तुम्हाला काही अवघड नाही."

खाली आल्यावर बायको सरळ त्या बाकावर जाऊन बसली. हाताने बाक चाचपलं, वर पंख्याकडे पाहिलं. "मला वाटायचं, उन्हातान्हात वणवण करत असता. रोज जेवताना घास अडकायचा माझा," ती म्हणाली. "पंखा बरा आहे की." मग पदर तोंडाला लावून ती थोडी रडली. बाइंडरने पिशवीतून डबा काढला आणि एकाचा डबा चौघांनी खाल्ला. मिशीवाल्या वॉचमनने पाणी आणून दिलं. अन्न थंडगार होतं, पण बाइंडरला कित्येक दिवसांनी भूक लागल्यासारखी भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने शर्टाला इस्त्री केली नाही. जुना सदरा घालून तो खाली आला आणि इमारतीच्या पायरीवर, भर उजेडात बसला.

"आज निघाला नाहीत?" काकूंनी विचारलं.

"नाही. मला काम नाही, काकू. सापडलं की निघेन."

"बरं झालं. मग त्या मोठ्या कुंड्या जरा सरकवा."

कुंड्या सरकवून तो हात झटकत होता, तोच फाटकातून एक माणूस आत आला. हातात फाईल, तोंड आंबट. बाइंडरसमोर थांबून म्हणाला, "वरच्या मजल्यावर ते प्लंबर राहतात ना? कसं काय चाललंय त्यांचं? काम वगैरे मिळतं का?"

'अगदी झकास' हे शब्द बाइंडरच्या ओठावर आले होते. ते त्याने गिळले. काकूंच्या हातातला मग कुंडीवर तसाच थांबला. वर कुठेतरी एक खिडकी हळूच लागली.

बाइंडर पायरीवर नीट सावरून बसला आणि म्हणाला, "सांगतो ना. पण आधी तुम्ही एक सांगा, साहेब. तुम्ही द्यायला आलात, की घ्यायला?"