हिवाळा काढेल का?

मर्ल ट्वाइट वारला त्याला नऊ महिने झाले होते, तेव्हा त्याच्या बायकोचा, आर्डिसचा, मला फोन आला.

"ऑरिन, शनिवारी मोकळा आहेस का? दोन पिकअप बघायच्यात. एक गस लिंडालची जुनी आणि एक तालुक्याच्या गावातली, जरा नवी. मला त्यातलं काही कळत नाही. तू चल."

मोंटाना राज्याच्या या कोपऱ्यात मी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करत आलोय. कुणाला वापरलेली गाडी घ्यायची असली की आधी माझ्याकडेच येतात. तरी आर्डिसला 'दुसऱ्या कुणाला तरी ने' असं सांगावंसं वाटलं. तोंडातून मात्र 'येतो' असं निघालं.

आदल्या नोव्हेंबरात मर्ल त्याची पिकअप माझ्याकडे घेऊन आला होता. टाकीतला पेट्रोलचा पंप बारीक कण्हत होता. मी टाकीला कान लावून ऐकलं. त्यानं विचारलं, "हिवाळा काढेल का?" मी म्हटलं, "काढेल की. बर्फ वितळलं की बदलू." जानेवारीत गुरांना पेंड टाकायला गेला असताना, घरापासून बारा मैलांवर तो पंप बंद पडला. पारा उण्या तिसाला, वर झोंबरं वारं, आणि फोनला रेंज नाही. काही वेळ तो गाडीत बसून राहिला असावा, मग पायी निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तारेच्या कुंपणापाशी सापडला. मी त्याला काय सांगितलं होतं, हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

शनिवारी आधी गसकडे गेलो. गस पंच्याऐंशीचा. नजर गेली म्हणून गाडी विकत होता. सत्तावीस वर्षं तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मी इंजिनावर हात ठेवला. थंडगार होतं. म्हणजे आम्ही यायच्या आधी गुपचूप तापवून ठेवलं नव्हतं. किल्ली फिरवताच चालू झालं, आवाज एकसारखा, धूर नाही. मला हायसं वाटलं. असलं इंजिन मी डोळे मिटून खोलू शकतो.

"झोपून खालनं बघ," गसच म्हणाला. "माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस. मी म्हातारा आहे, गाडीबद्दल गोडच बोलणार."

गाडीखाली सरकलो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपाशी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, गंजली होती, हातोडी मारली तर पापुद्रे निघाले. ब्रेकच्या नळ्याही गंजानं खाल्लेल्या. मी बाहेर येऊन जे पाहिलं ते सांगितलं. गसनं मान हलवली.

"वाटलंच होतं. मर्लची बायको आहेस म्हणून सांगतो, आर्डिस, नीट विचार कर."

दुसरी पिकअप वापरलेल्या गाड्या विकणाऱ्याच्या अंगणात उभी होती. दहा वर्षांची, जुनीच्या निम्मीसुद्धा चाललेली नव्हती. विकणारा पोरगेला गडी एकसारखा बोलत होता. "बाई, सीट गरम होते! मागे बघायला कॅमेरा आहे!"

आर्डिस म्हणाली, "बाळा, माझी गुरं मागे उभी राहून मला फोटो मागत नाहीत. थोडा गप्प बस, यांना ऐकू दे."

इंजिन इथंही थंड होतं. गिअरचं तेल लालसर, जळका वास नाही. खालची चासी कोरडी, आणि गंज झाकायला नवा काळा रंगही फासलेला नव्हता. माझ्याजवळचं यंत्र लावून बघितलं, एकही दोष दाखवेना. आम्ही तिला घाटाच्या चढावर पळवून आणली. चांगली गाडी होती. चांगली म्हणायला माझं मन मात्र धजेना. सगळं तारांत आणि पेट्यांत बंद. कानाला काही सांगत नाही.

अंगणाच्या कडेला गाडीपाशी आम्ही दोघंच उभे होतो. आर्डिसनं विचारलं, "कुठली घेऊ?"

"जुनी बंद पडली तर रस्त्यात तारेनं बांधूनसुद्धा चालू करता येते," मी म्हटलं. "नवी बंद पडली की तशीच उभी. पण नवी बंद पडते कमी."

"मला रस्त्यात दुरुस्त करायची नाही, ऑरिन. मला घरी पोचायचंय." ती गाडीकडे बघत राहिली. "ही हिवाळा काढेल का?"

मी बोनेटचा आधार घेतला.

"हेच मर्लनं विचारलं होतं," मी म्हटलं. "नोव्हेंबरात. पंप कण्हत होता, मी ऐकला होता. काढेल म्हणून सांगितलं मी. माझ्या सांगण्यावर तो गेला, आर्डिस."

तो विक्रीवाला आमच्याकडे यायला निघाला होता, तिचा चेहरा बघून मागे फिरला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी येऊन त्यानं सांगितलं. म्हणाला, ऑरिन म्हणतोय चालेल, पण मला वाटतं आत्ताच बदलावा. मी म्हटलं, ऑरिनला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, कशाला उगीच पुन्हा खेप घालतोस. नऊ महिने मी तुझ्या दारावरून जाते आणि आत येत नाही. तुला बघितलं की मला माझंच बोलणं ऐकू येतं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती तशीच ताठ उभी राहिली, मग डोळे पुसले.

"आता खरं सांग. काढेल का?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "कुठल्याच गाडीचं येत नाही. पण या दोघींत मी माझ्या बहिणीला हीच घ्यायला लावेन. आणि पंप चांगला असला तरी बर्फ पडायच्या आत नवा टाकेन."

तिनं तीच घेतली. पुढच्या मंगळवारी मी टाकी उतरवून पंप बदलला. काढलेला पंप अगदी ठणठणीत होता. ती माझ्या गॅरेजात स्टुलावर बसून कॉफी पीत होती. मी तो तिला दाखवला, तिनं हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि बाकावर ठेवून दिला.

ती निघाली तेव्हा मी म्हटलं, "गुरांकडे निघालीस की फोन कर. परत पोचलीस की पुन्हा कर."

"रोज?"

"रोज."

तो हिवाळा फार कडक गेला. ती रोज दोनदा फोन करायची. निघताना 'निघाले', आल्यावर 'आले', एवढंच. त्या दोन फोनांच्या मधल्या वेळात माझ्या हातून कुठलंच काम धड होत नसे.