पुडक्याच्या तळाशी राहिलेलं पान

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही, दुमडता येत नाही, तरी मी पानच आहे. संगणकावरच्या एका प्रोग्रामबरोबर जन्मलेलं माहितीचं पान. प्रोग्राम कसा चालवायचा आणि कुठे जपायचं, एवढं सांगणं हे माझं काम. ते वेळेवर करायला मला कुणी पोचवलंच नाही. म्हणून आज जरा कडू बोलणार आहे, ऐकून घ्या.

मला लिहिलं वडगावच्या रूपालीने. तिचे वडील नागोजी साड्या विणायचे. तरुणपणी त्यांनी एक रुंद काठ रचला होता. कोयऱ्यांच्या रांगेत मधूनच मान वळवून बसलेला राघू. कित्येक वर्षांत तो विणला गेला नव्हता आणि त्या काठाची एक साडीही घरात नव्हती. विणणाऱ्याच्या घरात साडी टिकते कुठे? मागाला नक्षी सांगणाऱ्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर तेवढा तो उरला होता, आणि पुठ्ठ्यांना वाळवी लागली होती. रूपालीने एक प्रोग्राम लिहून तो काठ घरच्या संगणकात उतरवला. किडके पुठ्ठे बंबात गेले. नागोजींनी लेकीचं कौतुक गल्लीभर सांगितलं.

रूपाली नोकरीला बेंगळूरला परतली; काठ घरच्याच संगणकात राहिला. तिथे तिने प्रोग्रामला रुंद काठ अरुंद करायला शिकवलं आणि मग मला लिहिलं. कन्नडमध्ये माझं एक जुळं भावंडही लिहिलं. माझी पहिलीच ओळ अशी: ‘काठ अरुंद करण्याआधी मूळ काठाची प्रत काढून ठेवा. प्रोग्राम मूळ काठावरच कात्री चालवतो. गेलेले धागे परत येत नाहीत.’ तिने मला स्वतःच्या संगणकात हाताने जागेवर ठेवलं, उघडून पाहिलं आणि समाधानाने पुडक्यात बांधलं.

आता मला पोचवायचं काम ज्याचं, त्या हमालाची गोष्ट. प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात, त्या भाषेचा एक पॅकेज मॅनेजर असतो. तुम्ही नाव सांगायचं, तो दूरच्या कोठारातून पुडकं आणतो, सोडतो आणि प्रोग्राम जागेवर लावतो. आमचा हमाल प्रोग्राम तेवढा उचलायचा. माहितीची पानं तळाशी तशीच टाकायचा. ती कुठे ठेवायची हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

रूपालीचा धाकटा भाऊ नागेंद्र घरचे माग चालवतो. चिकोडीच्या एका दुकानदाराला अरुंद काठाचा नमुना हवा होता. नागेंद्रने पुडकं मागवलं आणि, हे मी त्याच्या बाजूने सांगतो, आधी मलाच हाक मारली. संगणकाने उत्तर दिलं, असं पान नाही. मी तिथेच होतो, त्याच संगणकात, तळाशी! पण ओरडायला तोंड कुणी दिलंय? त्याने काठ अरुंद केला.

“आक्का, राघू गेला गं,” त्याने फोन केला. “नुसती चोच राहिलीया.”

“प्रत काढली न्हाईस व्हय रं? लिवलतं की मी!”

“कुठं लिवलतं? पान मागितलं तर न्हायच म्हनतंय.”

नागोजींनी फोन घेतला. “रूपाली, लई शिकलीस, बरं केलंस. पर माज्या काठाला वाळवीच बरी हुती गं. ती हळूहळू तरी खात हुती.”

त्यांनी काठ आठवून कागदावर पुन्हा रचायला घेतला. पण नजर अधू झाली होती. राघूच्या मानेपाशी धागे चुकायचे, आणि एके दिवशी त्यांनी पेन्सिल ठेवून दिली. रूपालीने त्यानंतर प्रोग्रामला हात लावला नाही. तिने फक्त हमालाच्या धन्यांना लिहिलं, की पानंही पोचवा. तिकडे वाद रंगला. कुणी म्हणालं, आजकाल पानं वाचतं कोण? कुणी म्हणालं, प्रत्येक संगणकात पानांची जागा वेगळी, आम्ही कुठे कुठे ठेवणार? पुढच्या आवृत्तीत बघू, असं म्हणत वर्षं गेली. मोठी शहाणी माणसं हो ती! फक्त राघू त्यांच्या घरचा नव्हता.

शेवटी हमाल शिकला. परवा नागेंद्रने तेच पुडकं पुन्हा मागवलं आणि सहज मला हाक मारली. मी उघडलो. तो पडद्याकडे बघतच राहिला. शेजारी नागोजी बसले होते, आता त्यांना काहीच दिसत नाही.

“काय आलंय रं? मोठ्यानं वाच की.”

नागेंद्रने माझी पहिली ओळ वाचली.

नागोजी म्हणाले, “चांगलं लिवलतं पोरीनं. मी उगंच बोललो तिला. बंद कर आता ते.”

मित्रांनो, कुणाच्या हाती कात्री द्याल, तेव्हा जपायला सांगणारे दोन शब्दही पोचले का, हे दारापर्यंत जाऊन बघा. लिहून ठेवलं होतं, असं नंतर सांगू नका. मीही लिहिलेलाच होतो.