पक्कडीचे दात

चावी मी वाकवली. रविवारी दुपारी बाबा झोपले होते, तेव्हा पक्कड घेतली आणि मोटारसायकलची चावी मधोमध पिळली.

कारण होतं. महिन्याभरापूर्वी त्यांना समोरची हातगाडी दिसली नाही. पुढचं चाक धडकलं, गुडघा सोलवटला. डोळे तपासून घ्या म्हटलं, तर म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदललाय, एवढंच." चाळीस वर्षं शिंप्याच्या दुकानात कापड बेतलेला माणूस, त्याला डोळ्यांबद्दल कोण शिकवणार? मला वाटलं, चावी आत गेली नाही की चार दिवस गाडी उभी राहील, तेवढ्यात काहीतरी समजूत घालू.

पण बाबा माघार घेणाऱ्यातले नव्हते. सोमवारी सकाळी 'खिशात दबून वाकली असेल' म्हणत त्यांनी चावी दगडावर ठोकून सरळ केली, आत घातली आणि जोर लावून फिरवली. कट्कन आवाज झाला. अर्धी चावी हातात, अर्धी आत.

"गेली गं!" ते म्हणाले. मग आपल्याच हाताकडे बघत राहिले.

दर सोमवारी ते आत्याला तिच्या घरून गुडघ्याच्या व्यायामाला घेऊन जात. या गोंधळात तिला फोन करायचंच राहिलं. ती तयार होऊन तासभर आपल्या इमारतीच्या खालच्या जिन्यावर बसली होती. मग कंटाळून एकटीच दोन मजले चढून वर गेली. संध्याकाळी तिचा गुडघा सुजला. ते ऐकल्यावर बाबा जेवले नाहीत.

"हातच जड झाला माझा," ते म्हणाले. "कात्री कधी रेघ सोडून गेली नाही, आणि आता एक चावी धड फिरवता येत नाही."

मी ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी चावीवाला घरी आला. बारीक आकड्याने त्याने आतला तुकडा ओढून काढला, दोन्ही तुकडे फडक्यावर जुळवून ठेवले. खाचा बघून कोरी चावी कापायची होती. तुकडा उजेडात धरून तो थबकला.

"काका, ही जोर लावून तुटली, पण आधी कुणीतरी पिळलीय. हे बघा, पक्कडीचे दात उमटलेत."

बाबा वाकले. त्यांना दिसेना. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. बोटाला कळलं.

चावीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून कानस उचलली.

"मी पिळली, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही गाडी चालवू नये म्हणून."

कानस थांबली, पुन्हा सुरू झाली. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काल रात्रभर मी स्वतःला निकामी समजत होतो," ते हळूच म्हणाले. "आणि तू शेजारच्या खोलीत होतीस."

"चुकलं माझं."

"सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाही."

"मग पुन्हा सांगायचं. शंभरदा सांगायचं. असं करायचं नाही."

नवी चावी बसली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बाबांनी ते बंद केलं, चावी खिशात टाकली आणि घरात गेले. आत्याला त्यांनी स्वतः फोन केला. माझं नाव न घेता सगळा दोष स्वतःवर घेतला. दाराआडून ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या पाया पडून खरं सांगायला मी संध्याकाळी गेले. ती म्हणाली, "बापलेक दोघं सारखीच. एक ऐकत नाही, दुसरी बोलत नाही."

गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन होईपर्यंत गाडी बंद. बाबांनी वाद घातला नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही आत्याला व्यायामाला न्यायला बसने निघालो. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. बाबा दोन बाकं पुढे जाऊन बसले.