मी भरलेला होतो!

मी ऑक्सिजनचा सिलिंडर बोलतोय. दवाखान्यात पलंगाशेजारी उभा असतो तो नव्हे. तो माझा थोरला भाऊ. त्याला उभ्या उभ्या पगार. मी अंगानं लहान, वजनाला हलका, म्हणून माझी नेमणूक झाली डोंगरावर. तीही अशा उंचीवर, जिथे पक्षीसुद्धा कामाशिवाय फिरकत नाहीत. बिनकामाची माणसं तेवढी येतात.

आमच्या घराण्याला तिथे फारसा मान नव्हता. पूर्वी माणसं लोकरीचे कोट, खिळ्यांचे बूट आणि तागाचे दोर घेऊन चढायची. माझ्या पणजोबांना पाहून नाकं मुरडायची. ‘बाटलीतली हवा पिऊन चढणं ही लबाडी,’ म्हणायची. त्यांतली काही बाणेदार माणसं अजून वरच आहेत. खाली यायचं राहूनच गेलं.

माझे मालक दातांचे डॉक्टर. बरोबर त्यांची थोरली बहीण, शाळेत भूगोल शिकवणारी. डॉक्टरांना शिखर सर करायचं होतं. ताईंना भाऊ घरी आणायचा होता.

उतरताना लागेन म्हणून मला शिखराखालच्या एका कपारीत ठेवून दोघं वर गेली. वर डॉक्टरांनी म्हणे मास्क काढून भरपूर फोटो काढून घेतले. मास्कमध्ये चेहरा ओळखू येत नाही ना!

परत आले तेव्हा त्यांचा पहिला सिलिंडर संपला होता. त्या विरळ हवेत माणूस वरून धड दिसतो, पण अक्कल कुठेतरी गहाण पडलेली असते. काहींना तर मरणाच्या थंडीत उकडायला लागतं आणि ते अंगावरचे कोट काढून ठेवतात. डॉक्टरांनी हातमोजे काढले, नळी मला जोडली आणि काटा पाहिला. काटा पार टोकाला होता. गच्च भरलेला होतो मी!

“रिकामा आहे गं, ताई.”

“नीट बघ.”

“बघितलं. डॉक्टर मी आहे की तू?”

आता दाढा आणि माझा काटा यांचा काय संबंध? पण ताईंचंही डोकं बधिरलं होतं. त्यांनी मान डोलावली. ज्या घटकेसाठी मी जन्मलो ती आली, आणि मी कचऱ्यात निघालो. फार वाईट वाटलं मला.

डॉक्टर मला तिथेच टाकून निघाले. ताईंनी मात्र उचलून पाठपिशवीत कोंबलं. “रिकामा असला म्हणून काय झालं? इथे कचरा करायचा नाही,” असं वर्गातल्या पोरांना दटावावं तसं म्हणाल्या.

थोडं खाली आल्यावर डॉक्टर बर्फात बसले.

“तू हो पुढे. मी जरा पडतो.”

तिथे जरा पडलेला माणूस उठत नाही. ताईंनी त्यांच्या थोबाडीत दिली, कॉलर धरून ओढलं, रडल्या. त्यांचा स्वतःचा सिलिंडरही आटला होता. दुसरं काही हाताशी नाही म्हणून शेवटी त्यांनी मलाच जोडलं आणि चावी फिरवली. मी असा सुटलो म्हणता!

काही वेळानं डॉक्टरांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य बोलले, “मी म्हणत नव्हतो, भरलेला आहे?”

उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मात्र गेली. हातमोजे काढून माझा काटा वाचला होता ना! आता दाढा काढायला दुसरा डॉक्टर ठेवलाय आणि हे भाषणं करत फिरतात. विषय, ‘संकटात डोकं शांत कसं ठेवावं’. मला बाहेरच्या खोलीत कपाटावर बसवलंय. गाल धरून बसलेले पेशंट माझ्याकडे बघत आपली पाळी येऊ नये अशी प्रार्थना करतात.

मध्यंतरी त्यांनी जाहीर केलं, पुढचं शिखर सिलिंडरशिवाय. “जुन्या लोकांसारखं! तसेही हे सिलिंडर ऐन वेळी दगा देतात.” मग एकदा ताई मला न्यायला आल्या, तपासून घेतलं आणि पूर्ण भरून आणलं.

आज सामान बांधताना डॉक्टरांना मी ताईंच्या पिशवीत दिसलो.

“हा कशाला?”

“रिकामाच आहे रे. आठवण म्हणून नेतेय.”

डॉक्टरांनी मला हातात घेऊन, जाणकारासारखं उलटंसुलटं करून पाहिलं. “हो, रिकामाच आहे,” म्हणाले आणि परत ठेवलं.

वाचकहो, एवढीच विनंती आहे. कुठे भेटले तर त्यांना काही सांगू नका.