कडीवरची चिंधी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना, गंजलेला पत्र्याचा डबा आहे. आता दुबईत अल मनखूलच्या एका फ्लॅटमध्ये राहतो.

१९४८ साली पॅलेस्टाइनमधली घरेदारे सुटलेली माणसे बैरूतजवळ तंबूंत राहिली. दोन आठवड्यांत परत जाऊ, असे म्हणत होती बिचारी. मी तिथे रेशनचे तेल घेऊन आलो. तेल संपल्यावर एका बाईने मला भोके पाडून तारेची कडी लावली आणि पाण्याला जुंपले. तार हाताला कापायची. म्हणून तिने आपल्या झग्याची पट्टी फाडून कडीला गुंडाळली.

तिची मुलगी फदवा त्या छावणीतच जन्मली. तंबू गेले, खोल्या आल्या, खोल्यांवर खोल्या चढल्या. गल्ली इतकी अरुंद, की मयत नेताना खांदेकरी तिरके होत. गटार दारातून वाहे. नळाला खारे पाणी. डोक्यावर विजेच्या तारा आणि पाण्याचे पाइप एकमेकांत गुंतलेले. पावसात शॉक लागून माणसे मरत. पाहुणे नाकाला रुमाल लावून येत, फोटो काढून जात. गटारापेक्षा मला त्या रुमालांची किळस आली.

फदवाची आई छावणीतच मातीआड झाली. तिचा एकही फोटो नाही. म्हातारी फदवा मुलाकडे दुबईला येताना मला घेऊन आली. कधीकधी ती चिंधी नाकाशी धरायची. रॉकेलचा आणि आईच्या हाताचा वास तिला त्यात सापडे.

शेजारच्या जैनबची, म्हणजे रत्नागिरीकडच्या बाईची, मुलगी यम्ना. तिच्या शाळेत छावणीवर प्रदर्शन होते. फदवाने मला आनंदाने दिले. तिथे काय पाहिले म्हणता? एसीतला तंबू, खाली गालिचा, बाजूला आंब्याच्या ज्यूसचा स्टॉल. शिसारी आली मला.

सजावटीचे हेमचंद्र सर म्हणाले, "ही चिंधी काढा आधी, फोटोत घाण दिसते. यल्ला, टाइम नाहीये."

चिंधी कचऱ्यात गेली. यम्नाने रडत रडत ज्यूसच्या ग्लासांखालून ती शोधून आईला दिली. आता सगळे ठीक होईल, असे मला वाटले.

दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, ही जैनबच्या घरची रीत. तिने माझ्यात नानखटाया भरल्या, कडीला चिंधी गुंडाळली आणि शेजारी गेली.

"खाला, कपडा अच्छेसे उबालके लायी. एकदम साफ."

फदवाने नानखटायांकडे पाहिलेच नाही. चिंधी सोडून नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"साबुन," ती म्हणाली. "खलास, हबीबती, जाने दो. तुम बैठो, चाय पियो."

जैनबला तेव्हा कळले. ती दारातच खाली बसली.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू घासायला घेण्याआधी त्याला एकदा विचारा. चिंधी आता पुन्हा माझ्या कडीला आहे, पांढरीशुभ्र. फदवा अजूनही कधीकधी ती नाकाशी नेते, आणि अर्ध्या वाटेतच हात खाली घेते.