हातचं पाणी

ग्यानोबा फौजीची एकाहत्तरची लढाई ऐकली नाही असा माणूस किनवटजवळच्या त्या खेड्यात शोधून सापडायचा नाही. म्हातारा बाजेवर टेकला रे टेकला की पोरं गलका करायची, "आबा, ते पाण्याचं सांगा!" आबांना तेवढंच हवं असायचं. समोर दुश्मन, त्याच्या अंगात त्याची वर्दी, मधे हद्द. सगळा मामला उघड. पांढरं फडकं वर झालं की बंदुका गप्प. पकडलेल्या एका जखमी शिपायाला ग्यानोबानं आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं, तर साहेबानं सगळ्यांदेखत पाठ थोपटली. "आमच्या बापजाद्यांच्या हातचं पाणी गावानं घेतलं न्हाई," म्हातारा म्हणायचा, "आन् माझ्या हातचं दुश्मन प्याला!" आणि छाती अशी फुगायची म्हणता!

नातू आनंदराजही वर्दीत गेला, पण पोलिसाच्या, आणि तोही गडचिरोलीच्या जंगलात. सुट्टीवर आला तेव्हा आजी, धुरपताबाई, तांब्या घेऊन उंबऱ्यावरच उभी. पोरानं पाया धरले, पण तांब्या घेतला नाही. बॅगेतली बाटली तोंडाला लावली. पुढंही रोज तेच. रांजणातून स्वतः भरून घ्यायचा, पण आजीनं पुढं केलेलं पाणी काही घ्यायचा नाही. म्हातारीचा चेहरा उतरला तो उतरलाच.

ग्यानोबाचं मात्र टाळकं सणकलं. "काय करून राहिलास हे? लई मोठा साहेब झालास? आजीच्या हातच्या पाण्यानं बाटतोस व्हय रं?"

"तसं न्हाई, आबा."

"मग कसं हाय? गावानं केलं ते सोसलं. आता घरच्या पोरानंबी तेच करावं?"

आनंदराज खाली मान घालून बसला. "तिथं एक म्हातारी व्हती. उन्हात चालून जीव कासावीस झालता. म्हणलं, आजी, पाणी दे. तिनं दिलं. मागून कळलं, पोलिसाला पाणी पाजलं, खबरी हाय, म्हणून नक्षल्यांनी मारली तिला."

"पाण्यापायी?" ग्यानोबाला खरंच वाटेना.

"आमी कॅम्पात परत जातो, आबा. गाव तिथंच ऱ्हातंय. कोण कोणाचं, काई कळत न्हाई. तिला ठावं व्हतं, काय व्हईल ते. देताना हात कापत व्हते. मला वाटलं, म्हातारपणानं."

आयुष्यभर मिरवलेली ती बाटली ग्यानोबाला नकोशी झाली.

"नाव काय व्हतं तिचं?" धुरपताबाईनं विचारलं.

"इचारलंच न्हाई. आजीच म्हणलो."

म्हातारी उठली. तांब्या भरला, अंगणाच्या मधोमध भुईवर ठेवला आणि पार भिंतीशी जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. आपल्या बापासाठी गावानं असं लांब ठेवलेलं पाणी ग्यानोबानं लहानपणी पाहिलं होतं.

"मी दिलं न्हाई," भिंतीकडं तोंड करूनच ती म्हणाली. "कोणी इचारलं तर सांग, तिथं पडलेलं व्हतं. उचल आन् पी, माझ्या राजा."

आनंदराजनं तांब्या उचलला. त्याचे हात कापत होते.